फिल्म की डिजिटल? छायाचित्राचा दर्जा ठरतो कशावर?

फोटोग्राफीच्या धंद्यात उतरणारा होतकरू तरुण पहिला प्रश्न विचारतो तो हा की, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा घ्यावा? अलीकडे रोलच्या कॅमेऱ्याची हौस पुन्हा दिसू लागल्याने दुसरा प्रश्नही येतो : फिल्मचा फोटो डिजिटलपेक्षा चांगला असतो काय? या दोन्ही प्रश्नांमागे मोठ्या रकमेचा, पुष्कळदा कर्जाच्या पैशाचा व्यवहार असतो. म्हणून या विषयाची नीट फोड करणे आम्हाला आवश्यक वाटते.

मेगापिक्सेलचा हिशेब

एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख बिंदू. उत्तम प्रिंटसाठी दर इंचाला ३०० बिंदू पुरतात. ८ × १२ इंची फोटोला २४०० × ३६०० म्हणजे सुमारे ८६ लाख बिंदू लागतात. १२ × १८ इंची फोटोला साधारण १ कोटी ९४ लाख लागतात. म्हणजे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा लग्नाच्या अल्बमला पुरून उरतो. शिवाय १२ चे २४ मेगापिक्सेल झाले म्हणून फोटो दुप्पट रुंद होत नाही. रुंदी सुमारे १.४ पटच वाढते. आकडा दुप्पट, फायदा मात्र त्या मानाने थोडा!

खरा फरक क्षेत्रफळाचा

फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. १०० आयएसओच्या रोलचे दाणे बारीक, तर ८०० च्या रोलचे जाड दिसतात. ३५ मि.मी. रोलची चौकट २४ × ३६ मि.मी. असते. १२० नंबरच्या रोलवरील चौकोनी निगेटिव्ह ५६ × ५६ मि.मी., म्हणजे क्षेत्रफळाने साडेतीन पटींहून मोठी. तिचा फोटो कमी वाढवावा लागतो, म्हणून तो अधिक स्वच्छ येतो. डिजिटलमध्येही हाच नियम आहे. सेन्सर मोठा असेल तर प्रकाश अधिक गोळा होतो. मोबाईलचा सेन्सर अगदी लहान असल्याने अंधाऱ्या जागी त्याची चित्रे रवाळ होतात किंवा यंत्राने पुसून गुळगुळीत केल्यासारखी दिसतात.

दोघांचे स्वभाव वेगळे

रंगीत निगेटिव्ह जादा प्रकाश बराच सोसते, कमी प्रकाश सोसत नाही. डिजिटलचे उलट आहे. पांढऱ्या शेरवानीवर प्रकाश जास्त पडला की त्यावरची नक्षी जळते आणि ती कोणत्याही संगणकावर परत आणता येत नाही. म्हणून फिल्मवर सावलीकडे पाहून प्रकाश ठरवावा, डिजिटलवर उजेडाकडे पाहून. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आज बहुतेक लॅब निगेटिव्ह स्कॅन करूनच प्रिंट काढतात. स्कॅनिंग सुमार असेल तर उत्तम निगेटिव्हही वाया जाते.

पैसा कोठे घालावा?

आमच्या मते क्रम असा असावा :

१. प्रकाश : एक चांगला फ्लॅश, छत्री आणि स्टँड. हॉलमधील पिवळ्या-निळ्या मिश्र दिव्यांत महागडा कॅमेराही चेहऱ्याचा रंग बिघडवतो.

२. लेन्स : कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या झूम लेन्सचे छिद्र लांबच्या टोकाला बहुधा एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मि.मी.ची एफ १.८ लेन्स त्यापेक्षा सुमारे दहापट प्रकाश आत घेते. जेथे ६४०० आयएसओ लागत होता, तेथे ६४० वर काम भागते.

३. स्थिरता व फोकस : कॅमेरा हातात धरून ५० मि.मी. लेन्सला १/५० सेकंदापेक्षा, २०० मि.मी.ला १/२०० पेक्षा मंद शटर ठेवू नये. माणसे हलती असतील तर वेग आणखी वाढवावा. हललेला फोटो मेगापिक्सेलने सुधारत नाही.

४. कॅमेरा : तो शेवटी. लेन्स चांगली असेल तर तिला नवा कॅमेरा पुढेही जोडता येतो.

धंद्याचा विचार

फिल्मच्या प्रत्येक चौकटीला पैसे पडतात आणि चूक रोल धुतल्यावरच कळते. लग्नाचे काम दुसऱ्यांदा होत नाही, म्हणून त्यासाठी डिजिटलच सोयीचे. हौशी ग्राहक खास मागेल, तेव्हा फिल्मचे वेगळे दर लावावेत. मात्र सांभाळण्यात निगेटिव्ह सरस आहे. कोरड्या जागी ती वर्षानुवर्षे टिकते, तर हार्ड डिस्क एका दिवसात दगा देते. म्हणून डिजिटल कामाच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. कोकणासारख्या दमट हवेत लेन्स व निगेटिव्ह दोन्हींना बुरशी लागते. त्यांच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

१९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी बनविलेल्या डिजिटल कॅमेऱ्याचे चित्र अवघ्या १० हजार बिंदूंचे होते आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तेव्हापासून यंत्र कितीतरी पुढे गेले. प्रकाश, लेन्स आणि स्थिर हात यांची गरज मात्र तसूभरही कमी झालेली नाही. आमच्या तरुणांनी कर्जाचा कागद सही करण्यापूर्वी हवी ती लेन्स आणि फ्लॅश एक दिवस भाड्याने आणावा, आपल्याच जुन्या कॅमेऱ्यावर फोटो काढून १२ × १८ चा एक प्रिंट करून पाहावा. कर्जाची गरज आहे की नाही, हे तो प्रिंटच सांगेल.