गरज वाटायच्या आधी जा

चि. सुहास,

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलास, जेवणझोप मार्गी लागली, असं ताईने फोनवर सांगितलं. ऐकून बरं वाटलं. पण ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, मीटिंगचा विषय निघाला की तू ‘गरज वाटली तर जाईन’ म्हणतोस, हेही तिने सांगितलं. तेवढ्यासाठीच हे पत्र.

बाबा रे, ज्या दिवशी खरी गरज असते त्या दिवशी पाय मीटिंगकडे वळत नाहीत, बारकडे वळतात. त्या संध्याकाळी अनोळखी पत्ता शोधत कोण जाणार? म्हणून मन शांत आहे तोवरच मीटिंगची सवय लावून घ्यायची. तुझे काका ए.ए.मध्ये आणि मी अल-अनॉनमध्ये, म्हणजे घरच्यांच्या गटात. दोघांच्या अनुभवाचं सार एवढंच आहे.

शोधणं अवघड नाही. ए.ए.च्या हेल्पलाइनला फोन केलास की जवळचा गट, वार आणि वेळ सांगतात. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइनही आहे. ज्या केंद्रात राहिलास तिथल्या फॉलो-अपच्या मीटिंगही चुकवू नकोस. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तिथेही उपचार संपला की पाठपुरावा सुरू होतो. केंद्रातले दिवस ही फक्त सुरुवात असते.

फोनवर ‘ओपन’ की ‘क्लोज्ड’ हे विचारून घे. क्लोज्ड मीटिंग फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी असते, ओपनला घरचेही येऊ शकतात. पहिल्यांदा एकट्याने जायचा धीर होत नसेल तर ओपनला सूनबाईंना बरोबर ने. फी नाही, फॉर्म नाही. पिणं थांबवायची इच्छा ही एकच अट. शेवटी थैली फिरते, तीत मनाला येईल ते टाकावं, नाही टाकलं तरी चालतं. बाहेरची देणगी ते घेत नाहीत.

ओपन मीटिंगला मी काकांबरोबर पुष्कळदा बसले आहे. शाळेचा वर्ग, भिंतीवर पाढे, बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मोठमोठी माणसं. एकेक जण नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक’ म्हणतो आणि आपली हकीकत सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. एकदा हात थरथरणारा एक नवा माणूस आला होता. चहा देणाऱ्याने त्याला न विचारता अर्धाच कप भरून दिला. तो अर्धा कप भरणाऱ्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याचेही हात कधीतरी थरथरले होते.

ही समज तुला घरी मिळणार नाही. आम्ही जीव तोडून समजावू, पण काका सोडले तर आतून ओळखणारं माणूस आमच्यात नाही. १९३५च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल नावाचा एक दारुड्या कामानिमित्त अक्रन गावी गेला होता. हॉटेलात पिण्याची तीव्र इच्छा झाली, तेव्हा त्याने फोन फिरवून दुसरा दारुड्या शोधला, डॉ. बॉब. बॉबला सुधारायला नव्हे, स्वतः वाचायला. ए.ए. त्या भेटीतून उभं राहिलं. त्या भेटीनंतर बॉबही एकदा घसरला. त्याचा शेवटचा पेला १० जूनचा मानतात आणि तोच ए.ए.चा वाढदिवस. तेव्हा स्लिप झालीच तर तोंड लपवू नकोस, दुसऱ्याच दिवशी मीटिंगला जा.

पहिला गट आवडला नाही तर दुसरा पाहा, तिसरा पाहा. एखाद्या ठिकाणी वयस्करच जास्त असतील, कुठे भाषा जुळणार नाही. देवाचं नाव ऐकून तू नाक मुरडशील, तेही मला ठाऊक आहे. तिथे आपल्याला समजेल तसा देव मानायची मोकळीक असते. कित्येक नास्तिक गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात. २०२० साली कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने दहा हजारांवर लोकांचे २७ अभ्यास तपासले. पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत ए.ए.शी पद्धतशीर जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. तुझ्यासारख्या हिशेबी माणसाला एवढं पुरावं.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. मीटिंग म्हणजे डॉक्टर नव्हे. दिलेल्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नकोस. आणि पुन्हा रोजचं पिणं सुरू झालंच, तर घरच्या घरी एकदम सोडायचा पराक्रम नको. फिट येते, भ्रम होतो, जिवावर बेततं. आधी डॉक्टर.

मीटिंग संपली की लगेच चप्पल घालू नकोस. खरी ओळख नंतरच्या चहावर होते. दोघातिघांचे नंबर घे आणि काही अडलेलं नसतानाही त्यांना फोन कर. एक गट आपला मान, तिथे सतरंजी घालण्याचं किंवा चहाचं काम मागून घे. काम अंगावर असलं की पाऊस असो, कंटाळा असो, जावंच लागतं.

तिथे काय ऐकलंस ते मला सांगू नकोस, तिथलं तिथेच ठेवायचं असतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलास एवढं ताईकडून कळलं की मला पुरे.

तुझी,
मावशी