तंबाखूची धूळ आणि न थांबणारा खोकला

प्रश्न : निपाणीत वीस वर्षे विड्या वळणाऱ्या आईला दोन महिन्यांपासून खोकला आहे, तिने कधीही विडी ओढलेली नाही. हा केवळ धुळीचा त्रास समजावा का?

उत्तर : निपाणी परिसरात वखारींतील आणि विडीकामातील तंबाखूची धूळ श्वासमार्गाला सूज आणते हे खरे असले, तरी खोकल्याला एकदा ‘धुळीचा’ म्हटले की पुढचा तपास थांबतो, आणि हीच सर्वांत घातक चूक ठरते. दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्यात, ताप, वजनघट किंवा रक्त नसले तरीही, प्रथम क्षयरोग वगळावा लागतो; त्यासाठी थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे सरकारी रुग्णालयात विनामूल्य होतो. निदान झाल्यास साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिने, खंड न पाडता घ्यावा लागतो.

तपासात क्षय न आढळल्यास दमा आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा विकार, यांचा विचार करावा. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांनाही चुलीच्या धुरामुळे सीओपीडी जडतो. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी, हे कोडे बरेच सोडवते, आणि मग श्वासातून घेण्याचे औषध, ज्याची सवय लागते ही समजूत निराधार आहे, खोकल्याच्या बाटल्यांपेक्षा उपयोगी पडते. नाकातोंडावर कापड, उघडी खिडकी आणि झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवलेला तंबाखू यांनीही त्रास घटतो. थुंकीत रक्त किंवा धाप असल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.