बायबलमधील वृक्ष : ईयोबाचा प्रश्न

माणूस आणि वृक्ष यांचे नाते धर्माइतकेच जुने आहे. आपल्याकडे वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळतात, औदुंबराखाली दत्ताच्या पादुका असतात, आणि सिद्धार्थ गौतम बोधिवृक्षाखालीच बुद्ध झाला. ख्रिस्ती धर्मग्रंथातही वृक्षाला मोठे स्थान आहे. मात्र ते वेगळ्या प्रकारचे आहे. बायबलात वृक्ष हा देव नाही. हिरव्या झाडांखाली परकीय दैवतांची पूजा करणाऱ्या इस्राएली लोकांची यिर्मयासारख्या संदेष्ट्यांनी कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली आहे. असे असूनही बायबलच्या पहिल्या ग्रंथाच्या आरंभी झाड आहे आणि अखेरच्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायातही झाड आहे. या दोहोंमध्ये जी अनेक झाडे येतात त्यांतील सर्वांत अर्थपूर्ण झाड म्हणजे तोडलेले झाड, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

एदेन बागेतील दोन झाडे

‘उत्पत्ती’ या ग्रंथात एदेन बागेच्या मध्यभागी दोन झाडे सांगितली आहेत. एक जीवनाचे आणि दुसरे बऱ्यावाईटाचे ज्ञान देणारे. दुसऱ्या झाडाचे फळ खाऊ नये अशी आज्ञा होती. आदाम आणि हव्वा यांनी ती मोडली. हे फळ सफरचंद होते असे सर्रास समजले जाते, पण मूळ ग्रंथात सफरचंदाचे नाव नाही. तेथे फक्त ‘फळ’ आहे. नाव आहे ते अंजिराचे, आणि तेही पानांचे. कारण आपण नग्न आहोत हे कळल्यावर त्या दोघांनी अंजिराची पाने जोडून कमरेला गुंडाळली.

कथेचा शेवट लक्षात ठेवण्याजोगा आहे. माणसाला बागेबाहेर घालवले जाते आणि जीवनाच्या झाडाकडे जाणाऱ्या वाटेवर पहारा बसतो. झाड नष्ट होत नाही. त्याच्याकडे जाणारी वाट बंद होते. पुढील साऱ्या बायबलचे बीज या प्रसंगात आहे. ही कथा मराठी भाषेलाही नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यातील राचोल येथे १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासूनची जुन्या करारातील हकीकत आली आहे.

ईयोबाचा प्रश्न

ईयोब हा सज्जन मनुष्य. त्याची मुले गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड उठले. त्या अवस्थेत तो एक साधी तुलना करतो. तो म्हणतो की झाडाला आशा असते. ते तोडले तरी त्याला पुन्हा फुटवा येतो. मूळ जमिनीत जुने झाले, खुंट मातीत सुकला, तरी पाण्याचा नुसता वास लागला की त्याला कोवळे धुमारे फुटतात. पण माणूस मेला की मग तो कुठे असतो?

शेतावर वाढलेल्या कोणालाही या तुलनेतील पहिला भाग समजावून सांगावा लागत नाही. बुंध्यापासून तोडलेली बाभूळ किंवा कडुनिंब पावसाळ्यात पुन्हा कसा उठतो हे आपण पाहिलेलेच असते. ईयोबाच्या प्रदेशात हाच गुण जैतुनाच्या झाडात विशेष दिसतो. यरुशलेमच्या गेथशेमाने बागेत आठ अतिशय जुनी जैतुनाची झाडे आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात त्यांपैकी तिघांच्या खोडांचे वय ठरवता आले. ती बाराव्या शतकाच्या आसपासची निघाली. आठही झाडे एकाच मूळ झाडाच्या वंशातली असल्याचेही दिसून आले. जैतुनाचे खोड जाते, पण मूळ जिवंत असेल तर वंश चालू राहतो.

म्हणूनच ईयोबाच्या प्रश्नाला धार आहे. निसर्ग झाडाला जे देतो ते माणसाला का देत नाही? जिवलगाला मूठमाती देऊन परतणाऱ्या कोणाच्याही मनात उठणारा हा प्रश्न आहे. ईयोबाला त्या ठिकाणी त्याचे उत्तर मिळत नाही.

खुंट आणि अंकुर

संदेष्ट्यांच्या ग्रंथांत तोडलेले झाड पुन्हा पुन्हा भेटते. दानीएलाच्या ग्रंथात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर स्वप्नात एक आभाळाला भिडलेले झाड पाहतो. त्याच्या सावलीत पशू आहेत, फांद्यांवर पक्षी आहेत. ते तोडण्याची आज्ञा स्वर्गातून होते. पण खुंट मात्र लोखंड व पितळ यांच्या पट्ट्याने बांधून गवतात ठेवावा, असेही सांगितले जाते. ते झाड म्हणजे राजा स्वतःच. त्याचा गर्व तोडला जातो, परंतु पश्चात्तापाला जागा ठेवली जाते.

यशयाच्या ग्रंथातील चित्र याहून प्रसिद्ध आहे. इशाय हा दावीद राजाचा पिता. त्याच्या खुंटाला धुमारा फुटेल आणि त्यातून न्यायाने राज्य करणारा पुरुष येईल, असे यशया सांगतो. येथे ‘दावीदाचा वंशवृक्ष’ न म्हणता ‘इशायाचा खुंट’ म्हटले आहे, हे महत्त्वाचे. राजवैभव तुटणार हे त्यात गृहीत आहे. पुढे इ. स. पू. ५८७च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले आणि दावीदाच्या घराण्याचे राज्य खरोखरच संपले. हा धुमारा म्हणजे येणारा मसीहा, असे यहुदी परंपरा मानते व त्याची वाट पाहते. ख्रिस्ती लोक तो येशूच्या रूपाने आला असे मानतात. मध्ययुगीन युरोपात ‘इशायाचा वृक्ष’ हा चित्रकारांचा आवडता विषय झाला. फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथीड्रलमध्ये ११५०च्या सुमाराची रंगीत काचांची खिडकी आहे. तीत निजलेल्या इशायाच्या देहातून वृक्ष वर गेला आहे, त्यावर राजे बसले आहेत आणि शेंड्याजवळ येशू आहे.

क्रूस : शापित लाकूड

येशूने स्वतः तोडण्याच्या बेतात असलेल्या झाडाचा दृष्टान्त दिला आहे. तीन वर्षे फळ न देणारे अंजिराचे झाड तोडून टाक, असे मालक सांगतो. माळी म्हणतो, एवढे एक वर्ष राहू द्या. मी भोवती खणून खत घालतो. त्या झाडाचे पुढे काय झाले हे दृष्टान्तात सांगितलेले नाही. ऐकणाऱ्याने ते आपल्या आयुष्यात ठरवायचे आहे.

परंतु वृक्षाच्या प्रतीकाला खरे वळण मिळते ते क्रूसाजवळ. मोशेच्या नियमशास्त्रात झाडावर टांगलेला मनुष्य शापित मानला आहे. रोमन सत्ता तर गुलामांना आणि बंडखोरांना क्रूसावर मारीत असे. अशा मरणाला पवित्र मानणे ही त्या काळी अशक्यप्राय गोष्ट होती. येथे भाषेचा एक धागा उपयोगी पडला. ग्रीक भाषेतील ‘क्सुलॉन’ या शब्दाचा अर्थ लाकूडही होतो आणि झाडही होतो. ‘उत्पत्ती’च्या प्राचीन ग्रीक भाषांतरात जीवनाच्या झाडाला हाच शब्द आहे, आणि नव्या करारात पेत्र व पौल येशूच्या क्रूसासाठीही हाच शब्द योजतात. दुसऱ्या शतकातील लिऑनचा बिशप इरेनियस याने त्यावरून विचार मांडला की, एका झाडापाशी झालेली अवज्ञा दुसऱ्या झाडावरील आज्ञापालनाने भरून निघाली.

लोकांच्या कल्पनेने याला कथेचे रूप दिले. आदामाच्या मृतदेहाबरोबर एदेनमधील झाडाचे बीज पुरले, त्याचा वृक्ष झाला आणि त्याच्याच लाकडाचा क्रूस बनला, अशी आख्यायिका मध्ययुगात लोकप्रिय होती. ती बायबलात नाही, पण पंधराव्या शतकात पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या चित्रकाराने इटलीतील आरेझ्झो येथील चर्चच्या भिंतींवर ती रंगवली. रोमच्या सान क्लेमेन्ते चर्चमधील बाराव्या शतकाच्या कुट्टिमचित्रात तर क्रूसाच्या पायथ्यापासूनच हिरवी वेल फुटून सर्वत्र पसरली आहे. तोडलेले, सुतारकामात गेलेले, मुळाशी संबंध न उरलेले लाकूड पालवले, असे ते चित्र सांगते.

कलम

आता ईयोबाकडे परत येऊ. झाडाला फुटवा येतो तो त्याच्या मुळातील जीवरसामुळे. माणसाला तसे मूळ नाही, हे ईयोबाचे निरीक्षण ख्रिस्ती श्रद्धा नाकारीत नाही. माणूस आपल्या बळावर मरणातून उठतो, असे ती म्हणत नाही. ती म्हणते, त्याला दुसऱ्याच्या मुळाशी जोडावे लागते. येशूने स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना फाटे म्हटले. वेलापासून वेगळा झालेला फाटा फळ देऊ शकत नाही.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात कलमाचे उदाहरण घेतले आहे. यहुदी नसलेले ख्रिस्ती हे रानटी जैतुनाचे फाटे असून त्यांचे कलम लागवडीच्या जैतुनावर बांधले गेले, असे तो म्हणतो. आपल्याकडील बागाईतदार याच्या नेमके उलट करतो. तो गावठी कोयीच्या रोपावर हापूसचे कलम बांधतो, हापूसवर गावठीचे नव्हे. हे निसर्गाविरुद्ध आहे, याची पौलाला कल्पना होती; त्याने तसे म्हटलेही आहे. फाट्याची योग्यता येथे पाहिलेली नाही, हेच त्याला दाखवायचे आहे. म्हणून तो लगेच बजावतो की, तुटलेल्या फांद्यांपुढे फुशारकी मारू नका. मूळ तुम्हाला धरून आहे, तुम्ही मुळाला नव्हे. पुढील शतकांत ख्रिस्ती राष्ट्रांनी यहुदी लोकांचा जो छळ केला तो पाहता, हा इशारा किती विसरला गेला हे ध्यानात येते.

उपसंहार

प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात जीवनाचे झाड पुन्हा दिसते. आता ते बागेत नसून नगरात, नदीच्या काठी आहे. ते दर महिन्याला फळ देते आणि त्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. वाटेवर पहारा नाही. नगराच्या वेशीही दिवसा बंद होत नाहीत आणि रात्र तर तेथे नाहीच.

एदेनपासून या नगरापर्यंतच्या प्रवासात बायबल कोठेही कुऱ्हाड टळते असे सांगत नाही. राजाचे झाड तुटते, दावीदाचा वंश खुंटतो, येशू मरतो. आशा आहे ती तुटण्याच्या पलीकडची. ही श्रद्धा कोणी मानो अथवा न मानो, ईयोबाचा प्रश्न सर्वांचाच आहे. त्या प्रश्नाला घाईने गप्प न करता तो आपल्या धर्मग्रंथात तसाच जपून ठेवणे, हा ख्रिस्ती आणि यहुदी परंपरांचा एक मोठेपणा आहे, असे मला वाटते.