पावसाचं बिल नक्की कशाचं?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत फिलाडेल्फियाला राहते. तिच्या पाण्याच्या बिलात पाणीवापर आणि सांडपाण्याच्या आकाराखाली ‘स्टॉर्मवॉटर’ म्हणून दरमहा आणखी एक रक्कम असते. महिनाभर थेंब पडला नाही तरी ती भरावी लागतेच. देवाच्या पावसावर कसला आलाय कर? आणि घरापुढचा कोबा उखडून तिथे हिरवळ लावली, तर बिल उतरेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ‘पावसावरचा कर’ म्हणून अमेरिकेतही या आकाराची भरपूर टिंगल झाली आहे. मेरीलँड राज्याने 2012 साली बाल्टिमोर शहर आणि मोठ्या काउंटींना असं शुल्क लावण्याची सक्ती केली. लॅरी होगन यांनी 2014 च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत या ‘रेन टॅक्स’वर रान उठवलं, ते निवडून आले आणि पुढच्याच वर्षी सक्ती उठली. टिंगल करायला सोपी असली, तरी या आकारणीमागचा हिशेब चोख आहे.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 25 मिलिमीटरची एक सर आली, तर तेवीसशे लिटरच्या आसपास पाणी पन्हळीतून खाली येणार. मातीवर पडलं असतं तर त्यातलं बरंचसं मुरलं असतं. गच्ची, डांबर आणि कोब्यावरून ते जवळजवळ सगळं काही मिनिटांत गटारात येतं. फिलाडेल्फियाच्या बऱ्याच मोठ्या भागात मैला आणि पावसाचं पाणी एकाच नळातून जातं. जोराच्या पावसात ही वाहिनी तुडुंब भरते आणि मैल्यासकट पाणी डेलावेअर आणि स्कूलकिल या नद्यांत सुटतं. ते आवरण्यासाठी शहराने 2011 मध्ये पंचवीस वर्षांची योजना हाती घेतली. वाहिन्या, टाक्या, पाणी मुरवायचे खड्डे या सगळ्यांचा खर्च बारमाही असतो, म्हणून पाऊस न पडलेल्या महिन्यातही बिल येतं.

हा खर्च पूर्वीही वसूल होत होताच, पण मापच चुकीचं होतं. नळाचा मीटर जितका मोठा, तितका पावसाळी गटाराचा आकार! त्यामुळे शेकडो नळांची, पण जमिनीचा छोटासा तुकडा व्यापणारी उंच इमारत भरपूर पैसे भरायची. शेजारी एकरभर डांबर ओतून वाहनतळ केलेला मालक मात्र मजेत. नळच नाही, तर मीटर कुठला आणि बिल कुठलं? जुलै 2010 पासून घरांखेरीज इतर मालमत्तांची आकारणी टप्प्याटप्प्याने जागेवर आणली गेली. 80 टक्के भार पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागावर आणि 20 टक्के एकूण क्षेत्रफळावर. मोजमाप विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून होतं. वाहनतळवाले चांगलेच चिडले. माझ्या मते या सुधारणेतला सर्वांत न्याय्य भाग हाच. पावसाचा पहिला इंच-दीड इंच आपल्याच आवारात जिरवण्याची सोय केली, तर अशा मालकांना बिलात सूट मिळते.

आता ‘कर’ या शब्दाकडे. वॉशिंग्टन शहरात केंद्र सरकारच्या कार्यालयांनीच ‘हा कर आहे आणि आम्ही स्थानिक कर देत नाही’ असा पवित्रा घेतला होता. शेवटी जानेवारी 2011 मध्ये कायदा करून त्यांना पैसे भरायला लावलं. सेवेचं शुल्क म्हटलं की मालमत्ता करातून सुटणारी चर्च आणि विद्यापीठंही त्यात येतात. छप्पर देवळाचं असो की दुकानाचं, पाणी सारखंच वाहतं.

जर्मनीत हीच पद्धत आणखी काटेकोर आहे. बर्लिनमध्ये 2000 पासून पावसाच्या पाण्याचा आकार वेगळा लागतो, तोही चौरस मीटरच्या हिशेबाने. छपरावर हिरवळ असेल तर त्या भागाला निम्मा दर.

आपल्याकडे? मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात मलनिःसारणाचा कर असतो, पथकर असतो, वृक्ष उपकरही असतो. पण आवारातून किती पावसाचं पाणी बाहेर सोडलं, याचा आकार नाही. एखादी सोसायटी बागेची माती काढून भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवते, तिला त्यासाठी एक पैसाही जादा पडत नाही. सांध्यांत सिमेंट भरून घेणारेही आहेत, गवत उगवू नये म्हणून! पुणे महापालिका पर्जन्यजल संधारणासारख्या सोयींसाठी मालमत्ता करात सवलत देते, पण पाणी रस्त्यावर सोडून देणाऱ्याला भुर्दंड कुठेच नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. तेवढा पाऊस कुठलीच बाग जिरवू शकली नसती, हे खरं. पण दर पावसाळ्यात साध्या सरींनीही गुडघाभर पाणी साचतं, त्यात या फरश्यांचा वाटा नक्कीच आहे.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. फिलाडेल्फियात घरांना सरासरी क्षेत्रफळ धरून सरसकट एकच रक्कम लावतात. मुलीने सगळा कोबा उखडला तरी तिचं बिल एका सेंटनेही उतरायचं नाही. बर्लिनमध्ये मात्र उतरलं असतं. तिला एवढं मात्र सांगा : छपराचं पाणी साठवायचं पिंप तिथली महापालिका रहिवाशांना फुकट देते, त्यासाठी अर्ज करावा.