फणेरपेटी आणि करंडा

आता आपल्या घरी टिकल्यांचे पाकीट असते. पूर्वी टिकल्या नव्हत्या. बायका कुंकू लावत. कुंकू म्हणजे भुकटी. ते नुसतं लावलं तर गळून पडतं. म्हणून आधी बोटाने कपाळावर मेण लावायचं, मग त्यावर कुंकू. हे सगळं सामान ठेवण्यासाठी फणेरपेटी असे.

फणेरपेटी ही लाकडाची लहान पेटी. झाकणाला आतून आरसा असतो. झाकण उघडून तिरपं उभं केलं की तोंड दिसतं. खाली खण असतात. त्यात फणी, मेणाची डबी, काजळाची डबी आणि करंडा राहतो.

करंडा म्हणजे कुंकवाची डबी. करंडे लाकडाचे, पितळेचे व चांदीचे असत. आंब्याच्या आकाराच्या डबीला कोयरी म्हणतात. काही कोयऱ्यांवर मोर असतो. हळदी-कुंकवाला एकीत हळद, दुसरीत कुंकू भरतात.

दुसऱ्या देशांतही अशा पेट्या होत्या. इजिप्तमध्ये १९२२ साली तुतानखामेन राजाची कबर सापडली. तिच्यात आरसा ठेवायची पेटी होती. ती तीन हजार वर्षांहून जुनी आहे. म्हणजे राजालाही आरसा लागत होता!

पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर गावोगाव फिरले आणि त्यांनी घरातल्या जुन्या वस्तू गोळा केल्या. त्यात कुंकवाचे करंडेही आहेत. लहानपणी वारलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले.

आमच्या आजीचा करंडा पितळेचा आहे. आजोबा वारले तेव्हा तिने तो आईला दिला. आता आजी कुंकू लावत नाही. हळदी-कुंकवाचं बोलावणंही तिला येत नाही. पुष्कळ घरी असंच आहे.

पण कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. मग शासनानेही दुसऱ्या गावांना तसे करायला सांगितले.

मित्रांनो, घरी जुना करंडा असेल तर तो मोडीत देऊ नका. घासून पुसून ठेवा. आणि पालकांना माझी विनंती आहे. यंदा संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला गावातल्या सगळ्या आज्यांना बोलवा. ज्यांना कुंकू लावायचे असेल त्यांना लावू द्या.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी