गिझर लावताना

पूर्वी न्हाणीच्या कडेला तांब्याचा बंब असे. खाली गोवऱ्या, लाकडं घालायची. वर पाणी ओतायचं. धूर होई, डोळे चुरचुरत. पण एक सोय होती. बंबाचा धोका डोळ्यांना दिसे. जाळ दिसतो. निखारा दिसतो. पोरांना लांब ठेवता येतं.

आता पुष्कळ घरांत बंब जाऊन गिझर आला आहे. धूर नाही, राख नाही. खटका दाबला की पाणी तापतं. मात्र इथला धोका दिसत नाही. तारेतली वीज दिसत नाही, तिला वास नाही, आवाज नाही. आणि न्हाणीत माणूस उघडा असतो, ओला असतो, ओल्या फरशीवर उभा असतो. ओल्या अंगातून वीज लवकर जाते. म्हणून घरातल्या सगळ्या वायरिंगमध्ये न्हाणीचं वायरिंग जास्त नेटाचं हवं.

हे काम लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं. मग आपण कशाला शिकायचं? तर आपल्या घरात काम नीट होतंय का, हे आपल्याला पाहता यावं म्हणून. गवंडी भिंत बांधतो तेव्हा ओळंबा आपणही पाहतोच ना?

आकडे वाचा

गिझरच्या अंगावर एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर इंग्रजी अक्षरं असतात, पण आकडे तुम्हाला ओळखता येतील. २३० हा आकडा व्होल्टचा. आपल्याकडे घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. २००० किंवा ३००० हा आकडा वॅटचा. त्या गिझरला किती वीज लागते ते तो सांगतो. तिथेच आयएसआयचा शिक्का आहे का पाहा. शिक्का नसेल तर तो गिझर स्वस्तातही घेऊ नका.

आता एक सोपा हिशेब करू. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. अँपिअर म्हणजे तारेतून किती वीज वाहते त्याचं माप. २००० भागिले २३० म्हणजे जवळजवळ ८.७ अँपिअर.

दिव्याचं, पंख्याचं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. त्यात ८.७ अँपिअर घालणं म्हणजे दोन मणांच्या गाडीत तीन मण भरण्यासारखं आहे. गाडी लगेच मोडत नाही. आधी सॉकेट गरम होतं, मग पिवळं पडतं, मग जळका वास येतो. म्हणून गिझरला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट लागतं. तार मीटरच्या बोर्डापासून वेगळी आणावी लागते. दिव्याच्या तारेला फाटा मारून चालत नाही. २००० वॅटच्या गिझरला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घालतात. ३००० वॅटच्या गिझरला ४ ची घालतात. हा आकडा तारेच्या वेटोळ्यावर छापलेला असतो. तो वाचा आणि मगच वायरमनला तार ओढू द्या.

तीन तारा

गिझरला तीन तारा येतात. पहिली फेज. हिच्यातून वीज येते. दुसरी न्यूट्रल. ही वीज परत जाण्याची वाट. तिसरी अर्थ. ही जमिनीत जाते. भिंतीतल्या तारांत फेज बहुधा लाल असते, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. गिझरच्या दोरीत फेज तपकिरी, न्यूट्रल निळी, आणि अर्थ हिरवी-पिवळी पट्ट्यांची असते. पण नुसत्या रंगावर विसंबू नये. मागच्या माणसाने हाताला येईल ती तार वापरलेली असू शकते.

पुष्कळ लोक म्हणतात, "दोन तारांवर गिझर चालतो, मग तिसरी कशाला?" चालतो, हे खरं आहे. गिझर चालवायला तिसऱ्या तारेचं काही काम नाही. तिचं काम माणसाचा जीव वाचवायचं.

ते असं. गिझरच्या पोटात तापणारी कांडी असते. बाहेर तांब्याची नळी, आत तापणारी तार, मध्ये वीज अडवणारी पांढरी भुकटी. आपल्या विहिरींचं, बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी खारट आणि जड असतं. त्याचा क्षार कांडीवर बसतो. थर जाड झाला की कांडी जास्त तापते आणि एक दिवस नळीला चीर पडते. चिरेतून वीज पाण्यात आणि गिझरच्या लोखंडी अंगात येते. अर्थची तार नीट असेल तर ती वीज तिच्यातून जमिनीत जाते आणि बोर्डावरचा खटका पडतो. अर्थ नसेल तर वीज तिथेच वाट पाहत बसते. पुढे ज्याचा हात नळाला लागेल, त्याच्या अंगातून ती जमिनीत जाते.

तीन पिनांच्या प्लगकडे नीट पाहा. वरची पिन जाड आणि लांब असते. ती अर्थची. लांब केली आहे ती मुद्दाम. प्लग खोचताना अर्थ सगळ्यात आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. काही लोक ही पिन कापून प्लग दोन भोकांत बसवतात. असा प्लग घरात दिसला तर आजच काढून टाका.

अर्थिंग खरं की दिखाऊ

अर्थची तार जमिनीत नीट गेली पाहिजे. त्यासाठी घराबाहेर खड्डा घेतात. त्यात अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा पुरतात. भोवती कोळसा आणि मीठ भरतात. उन्हाळ्यात माती सुकली की वीज जमिनीत नीट जात नाही. म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं. तुळशीला घालताना एक बादली इकडेही घाला.

आता दोन लबाड्या सांगतो. त्या पुष्कळ ठिकाणी पाहायला मिळतात.

पहिली लबाडी म्हणजे अर्थची तार नळाच्या पाइपाला बांधायची. पूर्वी पाइप लोखंडी होते. आता बहुतेक प्लॅस्टिकचे आहेत. प्लॅस्टिकमधून वीज जमिनीत जात नाही. आणि पाइप लोखंडी असला तर बिघाडाच्या वेळी घरातले सगळेच नळ झटका देऊ शकतात.

दुसरी याहून वाईट. सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांना एका तुकड्याने जोडून टाकायचं. खड्डा घ्यायचा त्रास वाचतो आणि सगळं काही चालतं. पण एखाद्या दिवशी न्यूट्रल तार कुठे सैल झाली किंवा तुटली, की वीज परतीची वाट शोधत गिझरच्या अंगात येते. म्हणजे जी तार वाचवायला घातली, तिच्यातूनच झटका बसतो.

टेस्टरचा दिवा लागतो म्हणजे अर्थिंग चांगलं, असं समजू नका. टेस्टर फक्त फेज दाखवतो. अर्थिंग मापायचं यंत्र वेगळं असतं. ते वायरमनला आणायला सांगा.

दोन पहारेकरी

बोर्डावर एमसीबी नावाचा खटका असतो. जुन्या घरांत त्या जागी चिनी मातीचा फ्यूज असतो. २००० वॅटच्या गिझरला १६ अँपिअरचा एमसीबी बसवतात. वीज प्रमाणाबाहेर वाहू लागली की तो पडतो. फ्यूज असेल तर त्यातली बारीक तार वितळते. ती वारंवार वितळते म्हणून कोणी जाड तार घालतात. मग फ्यूज वितळत नाही, भिंतीतली तार जळते.

पण हे पहारेकरी तारेची राखण करतात, माणसाची नाही. माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा दहावा हिस्साही पुरे होतो. एमसीबी तर १६ अँपिअरवर बसलेला. त्याला या झटक्याचा पत्ताही लागत नाही.

माणसासाठी दुसरा पहारेकरी आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. त्याचं काम गुराख्यासारखं आहे. सकाळी रानात जितकी गुरं गेली, तितकीच संध्याकाळी परत आली पाहिजेत. एक कमी आलं की गुराखी ओरडतो. आरसीसीबी फेजमधून गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज सारखी ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या शंभरात तीन हिस्से इतकी जरी कमी आली, तरी डोळ्याची पापणी लवायच्या आत तो वीज तोडतो. त्यावर एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटका पडला की समजायचं, पहारेकरी जागा आहे. घरात खर्चाची ओढ असेल तर गिझर लहान घ्या, पण हा बसवाच.

पाणी तापलं हे कोण सांगतं?

गिझरमध्ये थर्मोस्टॅट नावाचा एक भाग असतो. पाणी तापलं की तो आपोआप वीज तोडतो. निवलं की पुन्हा जोडतो.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचा थंड प्रांत आहे. तिथे वॉरन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. शाळा ऊबदार ठेवायला तळघरात भट्टी असे. शिपाई वर्गावर्गांतून फिरून थंडी पाही आणि भट्टीची झडप कमी-जास्त करी. शिकवण्यात सारखा खंड पडे. जॉन्सन यांनी वर्गातच असं यंत्र बसवलं की ऊब कमी-जास्त झाली की खाली घंटा वाजावी. १८८३ साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. आज त्या देशांत घराघरांतल्या गॅसच्या भट्ट्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटच्या हुकमाने पेटतात आणि विझतात.

आपल्या गिझरमधली युक्ती अशी. पितळेची नळी आणि तिच्या आत दुसऱ्या धातूची कांडी. तापल्यावर पितळ जास्त वाढतं, आतली कांडी फारशी वाढत नाही. नळी लांबली की ती कांडीला ओढते आणि विजेचा सांधा उघडतो. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती आधी तापवतो. का? तापलेलं लोखंड फुगतं म्हणून. धातू तोच धर्म इथेही पाळतो.

थर्मोस्टॅट बिघडला तर? मग वीज तुटतच नाही. त्यासाठी कटआउट नावाचा आणखी एक भाग असतो. पाणी फारच तापलं की तो वीज तोडतो. बहुतेक गिझरमध्ये तो परत हाताने दाबावा लागतो. तो सारखा सारखा पडू लागला तर दाबत बसू नका. थर्मोस्टॅट चिकटला असेल. वायरमन बोलवा.

आणि वायरमन आला की कधी कधी असं बोलणं होतं.

"काकू, थर्मोस्टॅट गेलाय. नवा आणायला तालुक्याला जावं लागेल. त्यापेक्षा डायरेक्ट करून देतो."

"डायरेक्ट म्हणजे रे काय, दादा?"

"थर्मोस्टॅट काढायचा अन् दोन तारा जोडून टाकायच्या. गिझर चालू होतो."

"अन् बंद कोण करणार?"

"तुम्ही. पाणी तापलं की खटका दाबायचा."

"मी दळण आणायला गेले अन् विसरले तर?"

यावर वायरमनकडे उत्तर नसतं. पाणी उकळत राहतं. पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. टाकीत तेवढी जागा कुठली? वाफ कोंडली की टाकी फुटते आणि भिंतही पडू शकते. जास्तीचा दाब सोडायला गिझरच्या खाली एक झडप असते. तिच्यातून थेंब थेंब पाणी गळतं म्हणून कोणी तिला बूच मारतात. तिला कधीही बंद करू नका. थर्मोस्टॅट तालुक्याला मिळत असेल तर दोन दिवस चुलीवर पाणी तापवा.

थर्मोस्टॅटच्या भरवशावर आंघोळही करू नका. तो एकच तार तोडतो. दिवा विझला तरी गिझरात वीज असू शकते. १५ लिटर पाणी चांगलं कढत व्हायला २००० वॅटच्या गिझरला साधारण वीस मिनिटं लागतात. तापलं की भिंतीवरचा खटका बंद करा आणि मग न्हाणीत जा. हा खटका फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा. तो न्हाणीच्या बाहेर बसवा, म्हणजे ओला हात लागणार नाही. गिझर पहिल्यांदा चालू करण्याआधी गरम पाण्याचा नळ सोडून पाहा. धार लागली म्हणजे टाकी भरली. कोरड्या टाकीत कांडी जळून जाते.

कोणाला झटका बसला तर

धावत जाऊन त्याला धरू नका. धराल तर तुम्हीही चिकटाल. आधी मेन स्विच बंद करा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा कोरड्या काठीने त्याला तारेपासून दूर ढकला. स्वतः कोरड्या फळीवर उभे राहा. मग १०८ वर फोन करा. माणूस हलत नसेल, श्वास चालत नसेल तर त्याला पाठीवर निजवा. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने दाबा. छाती दोन इंच खाली गेली पाहिजे. मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा दाबा. गाडी येईपर्यंत थांबू नका. दमलात तर दुसऱ्याला बसवा.

सोडवा आणि सांगा

१. एका गिझरवर ३००० वॅट लिहिलं आहे. त्याला किती अँपिअर लागतील? तार कितीची घालाल?

२. शेजारच्या घरी गिझरच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. त्यांच्या घरी कोणत्या तीन गोष्टी पाहायला सांगाल?

३. आज घरी जाऊन सगळे तीन पिनांचे प्लग पाहा. किती प्लगांची जाड पिन शाबूत आहे, तो आकडा वहीत लिहून आणा.