हवा गुणवत्ता मानकांचा नियतकालिक आढावा

स्टॉकहोम येथील १९७२ च्या परिषदेतील निर्णयांना अनुसरून संसदेने हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ संमत केला. त्यातील कलम १६ अन्वये हवेच्या गुणवत्तेची मानके ठरविण्याचे कार्य केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सोपविण्यात आले. मानक म्हणजे हवेतील प्रदूषकाची कायद्याने ठरविलेली कमाल मर्यादा. ती तत्कालीन वैज्ञानिक ज्ञानावर आधारलेली असल्याने तिचा वेळोवेळी आढावा घेणे क्रमप्राप्त ठरते.

भारतात ही मानके प्रथम १९८२ मध्ये जाहीर झाली. १९९४ च्या सुधारणेत श्वसनयोग्य धूलिकणांचा समावेश झाला. परंतु त्यांची वार्षिक मर्यादा औद्योगिक क्षेत्रासाठी १२०, तर निवासी क्षेत्रासाठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होती. कारखान्यालगत राहणाऱ्या कामगार कुटुंबांना कायद्याने दिलेले संरक्षण त्यामुळे निम्मेच होते. १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेने हा भेद संपुष्टात आणला, प्रदूषकांची संख्या १२ केली आणि पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी ४० मायक्रोग्रॅम ही वार्षिक मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र याच कणांसाठीची आपली शिफारस २००५ मधील १० वरून २०२१ मध्ये ५ मायक्रोग्रॅमवर आणली.

अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार दर पाच वर्षांनी मानकांचा आढावा बंधनकारक आहे. मुदत टळल्यास नागरिकांना न्यायालयात दाद मागता येते. भारतीय अधिनियमात अशी कालमर्यादा नाही. परिणामी पहिल्या दोन प्रमुख सुधारणांत अनुक्रमे १२ व १५ वर्षांचे अंतर पडले.

आढावा म्हणजे केवळ कठोरता नव्हे. औष्णिक वीज केंद्रांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये कठोर उत्सर्जन मानके लागू झाली. त्यांची मुदत वारंवार वाढली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मानकातून वगळण्यात आले. याउलट, वाहनांसाठी भारत स्टेज पाच हा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट भारत स्टेज सहा लागू झाला. इंधन व वाहन या दोहोंची तयारी एकाच वेळी झाल्याने हे साध्य झाले.

तात्पर्य, कालबद्ध आढावा, त्यामागील शास्त्रीय कारणांची जाहीर नोंद आणि अंमलबजावणीची पूर्वतयारी या तीन बाबी एकत्र आल्या तरच मानके राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचे खरे रक्षण करू शकतील.